उमरावाचा डावा सुळा

माझी मावशी माणसांना जबड्यावरून ओळखायची. रस्त्यात कोणी हाक मारली की ती गोंधळून बघत राहायची. नाव आठवायचं नाही, चेहराही आठवायचा नाही. समोरचा हसला की मात्र तिचा चेहरा उजळायचा. घरी येऊन माझ्या आईला सांगायची, "आज ते वरचे चार आणि खालची पूर्ण भेटले होते. बायकोला बरं नाही म्हणे त्यांच्या."

ती कवळ्या बनवायची. दातांचा डॉक्टर वेगळा आणि कवळी बनवणारा वेगळा, हे बहुतेकांना माहीतच नसतं. डॉक्टर वर असतो, उजेडात, पांढऱ्या कोटात. तो तोंडातला ठसा घेतो आणि खाली पाठवून देतो. पुढचं सगळं तळघरात. ठशात प्लास्टर ओतायचं, साचा निघाला की त्यावर मेणाच्या हिरड्या उभ्या करायच्या, रंग जुळवून एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी ॲक्रिलिक भरून शिजवायचं, आणि शेवटी चाकावर धरून इतकं गुळगुळीत करायचं की जिभेला परकं वाटू नये. माझ्या आजोबांनी जन्मभर हेच केलं. घासताना उडणारी भुकटी छातीत साठत गेली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. मावशी तेव्हा बावीस वर्षांची होती. दुसऱ्या आठवड्यात ती त्यांच्या स्टुलावर बसली आणि अडतीस वर्षांनी उठली.

गल्लीत तिला कवळीबाई म्हणायचे. लग्न झालं नाही. एक जण काही दिवस यायचा. तो एकदा म्हणाला, "तुझ्यासमोर हसायची भीती वाटते. तू माझे दात मोजतेस." मावशी म्हणाली, "मोजत नव्हते, मोजून झाले होते." त्यानंतर तो आला नाही. ही गोष्ट ती स्वतःच सांगायची आणि सांगून झाल्यावर उगाच टेबल पुसायला घ्यायची.

ती एकतीस वर्षांची असताना उमराव पहिल्यांदा तिच्या पायऱ्या उतरून आले.

उमराव म्हणजे खरोखरचे उमराव नव्हेत. गल्लीच्या टोकाला एक नाट्यगृह होतं. तिथे एका फिरत्या मंडळीचा रक्तपिशाचाचा खेळ लागला होता. डोंगरातल्या गढीत राहणारा उमराव, दिवसा पेटीत निजणारा आणि अंधार पडला की तरुण मुलींच्या गळ्याला तोंड लावणारा. त्याच्यासाठी दार उघडणारा कुबडा नोकर. खिडकी उघडी टाकून झोपणारी मुलगी. आणि पिशवीत लाकडी खुंटी व हातोडा घेऊन त्याच्या मागावर निघालेला म्हातारा प्रोफेसर. असा तो खेळ होता. उमरावाचं काम करणारा नट उंच, सडपातळ, चाळिशीला टेकलेला. भर दुपारी तोंडावर रुमाल धरून तो आधी वरच्या डॉक्टरांकडे गेला होता. डॉक्टर म्हणाले, "मी माणसांचे दात करतो. भुतांचे खाली बघा."

"बाई, मला बोलता येईल असे सुळे हवेत," ते म्हणाले. "सध्याचे मेणाचे आहेत. दिव्यांच्या धगीने मऊ होतात. काल एक सुळा त्या मुलीच्या गळ्यालाच चिकटून राहिला, आणि मेलेल्या मुलीला हसू आवरेना म्हणून ती पालथी झाली. आणि मी कोणाला धमकी द्यायला गेलो की शिट्टी वाजते."

मावशीने त्यांना खुर्चीत बसवलं. ठशासाठी तिने गुलाबी लगदा कालवला आणि त्यांच्या लक्षात आलं की हे सगळं आपल्या तोंडात जाणार. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरलेले, कपाळावर घाम. लगदा घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात आणि त्या चार मिनिटांत ओकारी आली तर सगळं फुकट. त्यांचं लक्ष दुसरीकडे लावावं म्हणून मावशी बोलायला लागली. काय बोलायचं ते सुचेना, तेव्हा तिने तळघरातल्या गळक्या नळाची गोष्ट सुरू केली. तीन प्लंबर येऊन गेले, तिघांनी तीन वेगळी कारणं सांगितली, नळ आपला ठिबकतोच आहे. उमराव डोळे विस्फारून ऐकत राहिले. दुसरं काही करताच येत नव्हतं.

त्यांचा डावा सुळा जन्मतः आत वळलेला होता. मावशीने दोन्ही सुळ्यांवर घट्ट बसतील अशा पातळ टोप्या केल्या. डावी टोपी तिला दाताच्या कलाने किंचित आत झुकवावी लागली, नाहीतर निसटली असती. मग तपासणी. कुठल्याही गिऱ्हाइकाला ती एकसष्टपासून सत्तरपर्यंत आकडे मोजायला लावायची, कारण त्यात सगळे स आणि ष येतात आणि जरा कुठे फट असेल तर वारा सुटतोच. उमराव ताठ उभे राहिले आणि आपल्या रंगमंचावरच्या आवाजात मोजायला लागले. सदुसष्टपर्यंत आले तेव्हा वरची नर्स धावत खाली आली, काय झालं ते बघायला.

शिट्टी वाजली नाही.

दोन वर्षांनी एका निर्मात्याने तो खेळ पाहिला आणि त्याचा सिनेमा काढला. तो धो धो चालला. मग दुसरा, मग तिसरा. एकोणीस वर्षांत सात सिनेमे झाले. प्रत्येक सिनेमात मुलगी नवी, नोकर नवा, गढी नवी रंगवलेली. फक्त उमराव आणि प्रोफेसर तेच. सातही वेळा शेवटी प्रोफेसरांनी त्यांच्या छातीत खुंटी ठोकली आणि पुढच्या वेळी कुठल्या तरी कारणाने ते पुन्हा उठले.

प्रत्येक सिनेमासाठी दोन जोड्या लागायच्या. हिरड्या बदलतात, म्हणून दर वेळी ठसा नवा. शिवाय काहीतरी तुटायचं, घासायचं, म्हणून उमराव वर्षातून तीन-चार वेळा तरी यायचेच. आणि दर वेळी तोंडात लगदा गेला की मावशी बोलायची. सवयच पडली दोघांना. घरात ती फारशी बोलकी नव्हती. आईशी बोलताना तिला मध्येच थांबावं लागायचं, कारण आई लगेच सल्ला द्यायची. इथे कोणी सल्ला देऊ शकत नव्हतं. आजोबा शेवटच्या महिन्यात बसून झोपायचे, आडवं झालं की जीव घुसमटायचा, हे तिने त्या चार मिनिटांत सांगितलं. आपल्यालाही सकाळी खोकला येतो, हेही तिने आमच्याआधी त्यांनाच सांगितलं. ठसा बाहेर आला की उमराव चूळ भरायचे आणि निघायचे. पण पुढच्या वेळी जिना उतरता उतरता विचारायचे, "खोकला कसा आहे?" किंवा, "त्या नळाचं काय झालं?"

स्वतःबद्दल ते एकदाच बोलले. दोन खोल्यांत एकटेच राहायचे. त्याच घरात वरच्या मजल्यावर प्रोफेसरांचं काम करणारे नट राहायचे. "बाई, आमच्या खालचा दुकानदार मला बघितलं की कॉलर वर करून गळा झाकतो," ते म्हणाले. "रोज. भला माणूस आहे, वाईट हेतू नाही त्याचा. पण तेरा वर्षं रोज तोच विनोद. आणि मला रोज हसावं लागतं."

उमरावाचं तोंड तोवर सगळीकडे गेलं होतं. पोस्टर रंगवणाऱ्याने फोटो बघून चेहरा काढला तेव्हा डावा सुळा आत झुकलेला काढला. पोस्टरवरून ते मुखवट्यांवर उतरलं, मुखवट्यांवरून बिस्किटांच्या डब्यांवर, मुलांच्या चित्रकथांत, टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये. मी नऊ वर्षांची असताना प्लास्टिकचे दात मिळायचे, तोंडात धरून दुसऱ्याला घाबरवायचे. त्यांतही डावा आत. मावशीने ते माझ्या तोंडातून काढून घेतले, उजेडाकडे धरून पाहिले आणि परत दिले. म्हणाली, "कडा घासल्या नाहीत मेल्यांनी. हिरडी कापेल."

हे सगळं तिचं होतं आणि हे कोणालाही माहीत नव्हतं. त्याचं तिला काही वाटत असेल असं आम्हाला कधी वाटलं नाही.

सहाव्या सिनेमाच्या वेळी एका मासिकात उमरावांची मुलाखत आली. तिने ती आमच्या स्वयंपाकघरात बसून वाचली. मी समोर होते. मुलाखतकाराने विचारलं होतं, तुमचे ते प्रसिद्ध सुळे कोण बनवतं? उमरावांनी उत्तर दिलं होतं, "कोण म्हणजे? ते माझेच आहेत. जन्मापासून."

निर्मात्याची तशी ताकीद होती, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी मावशीने मासिक मिटलं आणि म्हणाली, "चहा गार झाला."

पुढच्या वेळी उमराव आले तेव्हा तिने ठसा घेतला आणि चार मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिली. एक शब्द नाही. उमरावांनी चूळ भरली. "बाई, आज काही बोलला नाहीत."

"घसा बसलाय."

त्यांनी पुढे विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. मावशी मला म्हणाली होती, सगळं तिथेच बिघडलं. दोन वाक्यांचं काम होतं.

त्यानंतर उमरावांच्या हिरड्या सुटायला लागल्या. दात हलायचे. सातव्या सिनेमात टोपीला धरायला आतला दातच धड राहिला नव्हता, म्हणून मावशीने मागच्या दाढांना बारीक तार गुंफून ते सुळे कसेबसे उभे केले. "कोणाला सांगू नका," ते म्हणाले. तिने सांगितलं नाही. पण सिनेमा संपल्यावर दोन महिन्यांत वरच्या डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही सुळे उपटले, आणि अशी गोष्ट कुठे लपून राहते?

निर्माता पहिल्यांदाच तळघरात आला. नाकावर रुमाल धरून त्याने इकडेतिकडे पाहिलं. फळीवर प्लास्टरचे साचे तारखेनुसार लावलेले होते, एकवीस वर्षांचं उमरावांचं तोंड ओळीने.

"आम्ही नवा नट घेतोय," तो म्हणाला. "सव्वीस वर्षांचा. दात मोत्यासारखे आहेत. पण सुळे तेच हवेत. लोकांना तो डावा हवा असतो."

"मूळ माणूस आहे की अजून," मावशी म्हणाली.

"मूळ माणसाच्या तोंडात आता काय आहे ते तुम्हालाच जास्त ठाऊक." मग त्याने आवाज खाली आणला. "बाई, इतकी वर्षं झाली, तुमचं नाव कुठे आलंय का? या वेळी पडद्यावर घालतो. ठळक."

दोन दिवसांनी उमराव आले. जिना उतरले नाहीत, वरच्या पायरीवरूनच बोलले. तोंडावर हात होता. "बाई, ते साचे फोडून टाका. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही."

मावशी म्हणाली, "बघते."

तिने साचे फोडले नाहीत. नव्या नटाचा ठसा घेतला. त्याचे दात इतके सरळ होते की डावी टोपी आत झुकवायला तिला मुद्दाम भर घालावी लागली. तो नट तोंडात लगदा असताना हातातली छापील पानं वाचत बसला होता. तिने काही बोलायचा प्रयत्न केला नाही.

सिनेमा लागला त्या दिवशी ती मला आणि आईला दुपारच्या खेळाला घेऊन गेली. मी तेव्हा वीस वर्षांची होते. मावशीने ठेवणीतली साडी नेसली होती आणि आम्ही पंधरा मिनिटं आधीच जाऊन बसलो होतो. नावं सुरू झाली. ती ओठ हलवत वाचत होती. वेशभूषा, रंगभूषा, मग दंतसाहाय्य. आणि त्यापुढे वरच्या डॉक्टरांचं नाव.

आई म्हणाली, "अगं, हे काय?" मावशीने तिचा हात दाबला. आम्ही पूर्ण सिनेमा बघितला. नव्या नटाने पहिल्यांदा ओठ मागे घेतले तेव्हा सगळं थिएटर शहारलं. मी मावशीकडे पाहिलं. ती मान खाली घालून स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारलं. ते खरोखरच गोंधळले. म्हणाले, "त्यांनी दवाखान्याचं नाव विचारलं, मी सांगितलं. आपलं घरातलंच आहे ना?" डॉक्टर दुष्ट नव्हते. तळघराला वेगळं नाव असू शकतं, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात प्रोफेसर एक खोका घेऊन आले. आत सुळ्यांच्या चौदा जोड्या होत्या, एकेक कापसात गुंडाळलेली. चिठ्ठी नव्हती. "त्याने पोस्टर बघितलं," एवढंच प्रोफेसर म्हणाले आणि निघून गेले.

उमराव सहा वर्षं आले नाहीत.

या सहा वर्षांत मावशीचा खोकला वाढला. दहा पावलं चालली की थांबायची, भिंतीवरचं काहीतरी बघितल्यासारखं करायची. छातीच्या डॉक्टरांनी घासायचं काम बंद करायला सांगितलं. ती चेहऱ्याला फडकं बांधून घासायची. आजोबांची छाती कशी गेली ते सगळं तिला पाठ होतं. आपण त्यातल्या कुठल्या टप्प्यावर आहोत हे ती आम्हाला पत्ता सांगावा तसं सांगायची.

मग एका सकाळी प्रोफेसर पुन्हा जिना उतरून आले. त्या दिवशी मी तिला तपासणीला न्यायला आले होते, म्हणून पुढचं सगळं मी स्वतः पाहिलं आहे. प्रोफेसर फार वाळले होते. सिनेमात दार लाथेने उघडणारा माणूस आता कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता.

"तो जेवत नाही," ते म्हणाले. "सगळे दात गेले. कुठूनशी एक कवळी करून घेतली होती, ती टोचते म्हणून फेकून दिली. दुसऱ्या कोणाला तोंड उघडून दाखवत नाही. मी दुधात पाव भिजवून भरवतो. याल का?"

मावशीने विचारलं, "त्यांनी बोलावलंय?"

"नाही."

तिने ठशाचं सामान पिशवीत भरलं. मग मला म्हणाली, "ती पिशवी घे."

उमरावांच्या खोलीत पडदे ओढलेले नव्हते, भरपूर ऊन होतं. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. दात गेले की चेहरा खालून मिटत जातो, नाक आणि हनुवटी जवळ येतात. मी त्यांना रस्त्यात ओळखलं नसतं. आम्हाला बघताच त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"यांना कशाला आणलंस?" ते प्रोफेसरांना म्हणाले.

"कारण माझ्या हातचं तुला गोड लागत नाही आणि मला रोज तेच करायचा कंटाळा आलाय," प्रोफेसर म्हणाले. "माझं वय बघ. मी तुला सात वेळा मारलं, तेव्हा इतका त्रास दिला नाहीस."

 मावशीने वाटी मागितली, पाणी मागितलं. लगदा कालवताना तिला धाप लागली, तेव्हा वाटी माझ्याकडे दिली आणि किती फिरवायचं ते डोळ्यांनी दाखवत राहिली. मग ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "तोंड उघडा."

त्यांनी आधी प्रोफेसरांकडे पाहिलं. नंतर त्यांनी हात खाली घेतला.

ठसा बसला आणि मावशी बोलायला लागली. दम लागत होता, म्हणून तुटक तुटक. "मला माझं नाव बघायचं होतं. तुम्ही मासिकात म्हणालात, माझेच आहेत. मला राग आला. तो तेव्हाच तुमच्या तोंडावर बोलायला हवा होता. मी बोलले नाही. मनात धरून ठेवला. मग तो माणूस आला आणि नाव घालतो म्हणाला. तुम्ही पायरीवर उभे राहून मागत होतात तेव्हा माझं ठरलेलं होतं. बघते म्हणाले, ते खोटं होतं." ती थांबली, श्वास घेतला. "आणि नाव तर आलंच नाही. वरच्या डॉक्टरांचं आलं. ते तुम्हाला कळलंच असेल."

प्रोफेसर खिडकीबाहेर बघत होते. उमरावांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ठशाच्या वेळी बऱ्याच जणांचं येतं, त्यावरून काही सांगता येत नाही.

मावशीने ठसा काढला. त्यांनी खूप वेळ चूळ भरली. टॉवेलने तोंड पुसलं, घडी केली.

"मी तो सिनेमा बघितलाच नाही," ते म्हणाले. बोलणं फार अस्पष्ट होतं. "नाव आलं नाही हे मला माहीत नव्हतं. मी म्हणायचो, निदान बाईंना ते तरी मिळालं."

मावशीने ठसा पाण्याने धुतला.

"मी रागावलो होतो," ते पुढे म्हणाले. "अजून आहे थोडा."

"असू दे," मावशी म्हणाली. ठसा ओल्या कपड्यात गुंडाळत तिने विचारलं, "दात कसे हवेत? पांढरे?"

"माझ्या वयाचे," उमराव म्हणाले. "आणि सगळे सरळ करा."

ती कवळी करायला मावशीला पाच आठवडे लागले. एरवी चार दिवसांचं काम. तिने दातांना किंचित पिवळट छटा दिली, एका दाताच्या कडेला जरासा टवका ठेवला, चहा पिणाऱ्या माणसाच्या असतात तशा मागच्या बाजूला फिकट रेषा ओढल्या. घासायचं काम मी करते म्हटलं तर तिने चाकाला हात लावू दिला नाही. "माझ्या छातीत जे जायचं ते गेलंय," ती म्हणाली. "तुझ्या कशाला?" एका वेळी पाच मिनिटं घासायची आणि अर्धा तास पडून राहायची.

कवळी बसली. पहिल्या खेपेलाच बसली, कुठे टोचली नाही. त्या कामानंतर ती स्टुलावर पुन्हा बसली नाही.

उमरावांनी ते दात अकरा महिने वापरले. प्रोफेसर येऊन सांगायचे की आता तो स्वतःच्या हाताने जेवतो, तक्रारीही पहिल्यासारख्या करतो. एकदा ते एकटेच खाली दुकानात गेले. दुकान आता जुन्या दुकानदाराच्या मुलीकडे होतं. तिने हवं ते दिलं, सुटे आहेत का विचारलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. वर आल्यावर त्यांनी ही गोष्ट प्रोफेसरांना दोनदा सांगितली.

एका दुपारी ते झोपले ते उठले नाहीत. दोन वर्तमानपत्रांत बातमी आली आणि त्यांतल्या एकाने फोटो छापला तो नव्या नटाचा. मी तो मावशीला दाखवणार नव्हते, पण आईने आधीच दाखवला होता. मावशी म्हणाली, "त्या वरच्या ओठाखाली बघ, नुसती भर घातलेली आहे. आंधळ्यालाही दिसेल." मग कागद बाजूला ठेवला आणि भिंतीकडे कूस वळवली. 

मी तिला आमच्या घरी आणलं. खोलीत एक यंत्र आलं, त्याची नळी नाकाशी. ते यंत्र दिवसभर घरघरायचं आणि त्या आवाजात आम्हा सगळ्यांना मोठ्याने बोलायची सवय लागली. प्रोफेसर दर गुरुवारी दुपारी यायचे. येताना काहीतरी वाचायला आणायचे. सिनेमाचा विषय दोघेही काढायचे नाहीत. बहुतेक वेळा प्रोफेसर पेपर मोठ्याने वाचायचे आणि मावशी डोळे मिटून चुका काढायची. तिचा आवाज हळूहळू इतका बारीक झाला की ते खुर्ची पलंगाच्या कडेला लावून बसायचे. शेवटचे तीन महिने ती आजोबांसारखीच बसून झोपली. उशा रचायचं तंत्र तिनेच आम्हाला शिकवलं, कुठली कुठे आणि किती दाबून, कारण बाविसाव्या वर्षी ते तिने स्वतः केलं होतं.

ती गेली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. खोलीत आई होती. मी कामावरून पोचले तोवर यंत्र बंद केलेलं होतं आणि घर इतकं शांत वाटलं की मी दारातच थांबले. वरच्या डॉक्टरांनी दवाखाना दिवसभर बंद ठेवला. ते स्वतः आले, कोपऱ्यात उभे राहिले. जाताना मला म्हणाले, तळघरातलं सामान घाईने हलवू नका, सवडीने बघा. पुढच्या महिन्यात मी तिथलं सगळं आवरलं. आता तिथे छत्र्या आणि पिशव्या दुरुस्त करणारा बसतो.

प्रोफेसर त्या दिवशी सगळे गेल्यावर आले. त्यांना कोणी कळवायचंच राहिलं होतं. गुरुवार होता, म्हणून नेहमीप्रमाणे निघाले होते. हातात पेपर होता. मी दार उघडलं आणि त्यांना काय ते माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं. आत येऊन ते त्याच खुर्चीत बसले. पाणी मागितलं. प्यायले. पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मग आता मी गुरुवारी यायचं नाही का?"

मी म्हटलं, "या की."

ते येतात. आता त्यांना ऐकू फार कमी येतं, म्हणून पेपर मीच वाचते, त्यांच्या कानाशी, मोठ्याने. दुसऱ्या पानापर्यंत त्यांचा डोळा लागलेला असतो. मी वाचायची थांबले तरी त्यांना कळत नाही. पाच वाजले की मी त्यांना हलवून उठवते आणि कोपऱ्यापर्यंत सोडायला जाते.